जत-माणचा 'कोरडवाहू शाळू': पोत्यावरची पाटी आणि पोत्यातला दाणा

फेब्रुवारीच्या अखेरीपासून सांगलीच्या मार्केट यार्डात, विट्यात, दहिवडी-वडूजच्या दुकानांत शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, नवी पोती लागतात. काही नुसती 'शाळू' म्हणून विकली जातात. काहींवर पाटी असते: 'जतचा कोरडवाहू', 'माणदेशी मालदांडी', 'बिनखताचा, पौष्टिक'. पाटीच्या पोत्याला किलोमागे जास्त पैसे मोजावे लागतात. ते जास्तीचे पैसे दाण्यात दिसतात का, एवढंच इथे तपासायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. खोल काळ्या रानातला, शेणखत मिळालेला, आणि पोटरीत (कणीस पानाच्या आवरणात असताना) किंवा फुलोऱ्यात एखादं संरक्षित, म्हणजे पीक तगवण्यापुरतं, पाणी पाजलेला शाळू मिळाला तर जास्तीचे पैसे खुशाल द्यावेत. मुरमाड रानात ओल संपून अर्धवट भरलेला शाळू फक्त 'कोरडवाहू' या शब्दासाठी महाग घेऊ नये. आणि पाटीवरच्या तालुक्याच्या नावाला तर काहीच किंमत देऊ नये. म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून जत, कवठेमहांकाळ, आटपाडीतलं बरंच रान भिजतं. त्याच जत तालुक्यात आज पाटाखालचा शाळू पिकतो आणि निव्वळ ओलीवरचाही. वरून सोलापूर आणि विजयपूर भागातली मालदांडी, म्हणजे शाळूचा नावाजलेला वाण, तीही याच बाजारात उतरते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून तिथल्या नावाला काही आधार तरी आहे. 'जतचा' म्हणण्याला तसा आधार नाही.

आता 'कोरडवाहू म्हणजे पौष्टिक' हे कितपत खरं? टक्क्यांच्या हिशेबात बऱ्याचदा खरं, आणि फसगत होते ती नेमकी इथेच. ज्वारीच्या दाण्यातलं पीठ म्हणजे स्टार्च, तो मुख्यतः फुलोऱ्यानंतर हिरव्या पानांनी रोज बनवलेल्या साखरेतून भरतो. प्रथिनाचं तसं नसतं. त्याचं नत्र ताटाने फुलोऱ्याआधीच पानांत आणि खोडात गोळा करून ठेवलेलं असतं, आणि पानं पिवळी पडत जातात तसं ते कणसाकडे सरकतं. दाणे भरायच्या वेळी रानाची ओल संपली की पानं लवकर वाळतात आणि स्टार्च तिथेच थांबतो. नत्र मात्र बऱ्यापैकी दाण्यात पोचलेलं असतं. दाणा लहान राहतो आणि प्रथिनाचा टक्का वर जातो. म्हणजे टक्का वाढला तो प्रथिन जास्त आलं म्हणून नव्हे, तर पीठ कमी भरलं म्हणून. अशा चिमटलेल्या दाण्यात आतल्या गराच्या मानाने कोंड्याचा वाटा जास्त पडतो. कोंड्यासोबत तंतू येतात, खनिजं येतात, आणि जस्त-लोह शरीरात शोषू न देणारं फायटेटही येतं. भाकरी खरबरीत होते ती वेगळीच.

बागायती शाळूत याच्या उलट घडतं. पाणी भरपूर, पानं शेवटपर्यंत हिरवी, दाणा टपोरा. पण पाण्याच्या मानाने नत्र दिलं नसेल तर तेवढंच प्रथिन दुप्पट पिठात पसरतं आणि टक्का उतरतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत मध्यम जमिनीत कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी 40 किलो नत्र आणि 20 किलो स्फुरद आहे, तर बागायतीला नत्र, स्फुरद, पालाश 80:40:40. ज्याने पाणी चार वेळा दिलं आणि खत कोरडवाहूचंच ठेवलं, त्याचा दाणा देखणा असला तरी आतून हलका. ज्याने नत्र दोन हप्त्यांत बरोबर दिलं, त्याच्या बागायती मालाला पौष्टिकतेत नावं ठेवायला जागा नाही. म्हणून नुसतं 'बागायती' ऐकून नाक मुरडणं चूक आहे. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: नत्राने ज्वारीत जे प्रथिन वाढतं ते बहुतांश काफिरिन जातीचं असतं, आणि त्यात लायसिन, म्हणजे शरीराला अन्नातूनच मिळवावा लागणारा प्रथिनाचा एक घटक, फारच कमी. म्हणजे टक्का कितीही चढला तरी भाकरीसोबत डाळ, मटकी, हुलगा हवाच.

तिसरी पाटी 'बिनखताचा'. ही आम्हाला सगळ्यात कमी पटते. रासायनिक खत घातलं नाही आणि शेणखतही घातलं नाही, तर ते रान उपाशी आहे, आणि उपाशी रानातला दाणाही उपाशीच असतो. खरा फरक पडतो तो रानात काय गेलं त्याने. माण-खटाव-जत भागात धनगरांच्या मेंढ्या रानात बसवायची जुनी रीत आहे. ज्या रानात मेंढ्या बसल्या त्याला लेंडीखतातून नत्र मिळतं, सेंद्रिय पदार्थ मिळतात, आणि चुनखडीच्या जमिनीत अडकून पडलेलं जस्त मुळांना थोडं तरी सुटं होतं. विकणाऱ्याला 'खत घातलं का' विचारण्याऐवजी 'रानात मेंढ्या बसल्या होत्या का, शेणखत कधी पडलं' असं विचारावं. ज्याने स्वतः पिकवलंय तो लगेच सांगतो. ज्याने पोती आणून ठेवलीत तो विषय बदलतो.

जस्ताचा मुद्दा थोडा सविस्तर घ्यायला हवा, कारण बाजारातली कुठलीच पाटी त्यावर बोलत नाही. देशात तपासलेल्या मातीच्या नमुन्यांत एक तृतीयांशाहून जास्त नमुने जस्तात कमी आढळले आहेत. आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीयुक्त, 8 च्या पुढे सामू (पीएच) असलेल्या जमिनीत जस्त असलं तरी मुळांना उचलता येत नाही. त्यात रब्बीत वरची वीतभर माती डिसेंबरातच कोरडी पडते. झाड खालच्या ओलीवर जगतं, आणि जस्त बहुतांश वरच्या थरात असतं. कोरड्या मातीत ते मुळापर्यंत सरकतच नाही. म्हणजे पाटीवर ज्याचं कौतुक असतं तो कोरडेपणाच जस्ताच्या आड येतो. एक संरक्षित पाणी मिळालेला शाळू आम्ही वर का ठेवला, त्याचं अर्धं कारण हे. वाळवा, पलूस, मिरजेच्या ऊसपट्ट्यात गोष्ट निराळी आहे. तिथे वर्षानुवर्षं डीएपी हे स्फुरदयुक्त खत पडून स्फुरद साचलेलं असतं. जास्तीचं स्फुरद जस्ताला दाबतं आणि दाण्यातलं फायटेटही वाढवतं, म्हणजे एकाच वेळी दोन बाजूंनी तोटा.

शेतकऱ्याच्या हातात इथे करण्यासारखं आहे. पेरणीपूर्वी हेक्टरी 20 ते 25 किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून दिलं तर उत्पादन सुधारतं, पण दाण्यातलं जस्त त्या मानाने थोडंच वाढतं. दाण्यात उतरवायचं असेल तर फवारणी लागते: 10 लिटर पाण्याला 50 ग्रॅम झिंक सल्फेट, सोबत 25 ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी, आणि वेळ फुलोऱ्यापासून दाणा चिकात असेपर्यंत. चुना विसरला तर पानं करपतात. भर उन्हात फवारलं तरी करपतात. गव्हात या फवारणीचा परिणाम सगळ्यात स्पष्ट दिसतो. शाळू पुरुषभर उंचीच्या वर जातो आणि पाठीवरच्या पंपाने कणसापर्यंत फवारणं जिकिरीचं होतं, म्हणून फार कमी जण करतात. जो करतो त्याने ते पोत्यावर जरूर लिहावं. 'बिनखताचा' लिहिण्यापेक्षा त्याला जास्त अर्थ आहे. लोहाचं मात्र असं होत नाही. फेरस सल्फेट फवारून पिवळी पानं हिरवी होतात, दाण्यातलं लोह फारसं हलत नाही.

काही पाकिटांवर आता पोषणतक्ता छापलेला असतो. तो बहुतेकदा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्याशी जुळतो: 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिन, 4 मिलिग्रॅम लोह, 2 मिलिग्रॅम जस्त. आकडे बरोबर आहेत, पण ते देशभरच्या नमुन्यांची सरासरी आहेत, त्या पोत्याचे नव्हेत. कुणी प्रयोगशाळेचा दाखला दाखवला तर तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, प्रथिन कोरड्या वजनावर दिलंय का ओलाव्यासकट. 12 टक्के ओलावा असताना 10 टक्के असलेलं प्रथिन कोरड्या वजनावर 11.4 दिसतं. दुसरी, प्रथिनाचा आकडा काढताना मोजलेल्या नत्राला कितीने गुणलंय. ज्वारीला 6.25 ठीक आहे. गव्हाला 5.7 धरतात, तिथे 6.25 धरलं की आकडा जवळजवळ दहा टक्क्यांनी फुगतो.

तिसरी गोष्ट लोहाची. किलोभर शाळूत सगळं मिळून 40 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. आपल्या काळ्या मातीत वजनाच्या साधारण 5 टक्के लोह असतं, म्हणजे एक ग्रॅम मातीत 50 मिलिग्रॅम. रस्त्यावर किंवा मातीच्या खळ्यावर मळलेल्या किलोभर दाण्यात चिमूटभर माती राहिली तरी दाखल्यावरचं लोह दुप्पट होतं. त्या लोहाचा अंगाला जवळजवळ काही उपयोग नाही. 'आमच्या शाळूत दुप्पट लोह' असं कुणी दाखवलं, तर दाणा धुऊन तपासला होता का हे विचारावं.

आता प्रत्यक्ष दाणा. चांगली मालदांडी गोलसर, मोत्यासारखी, किंचित पिवळसर झाक असलेली. दुधासारखी पांढरीफेक नसते. शंभर दाणे मोजून सोनाराकडच्यासारख्या छोट्या काट्यावर ठेवावेत. 3 ते 3.5 ग्रॅम भरले तर दाणा पूर्ण भरलेला. 2.5 ग्रॅमच्या खाली उतरले तर रानाने शेवटी दगा दिलाय. मग दहा दाणे तळहातावर घेऊन बुडाकडची टोकं बघावीत, जिथे दाणा बोंडाला चिकटलेला असतो. तिथे काळा ठिपका हवा. तो ठिपका म्हणजे ताटाकडून येणारी वाट बंद झाली, दाणा पक्व झाला. दहातल्या तीन-चार दाण्यांना ठिपका नसेल तर पीक घाईने काढलंय, आणि असा दाणा वाळताना सुरकुततो. एक दाणा ब्लेडने उभा कापला की कडेला काचेसारखा पारदर्शक थर आणि मध्ये पांढरा पिठूळ गाभा दिसतो. कडेचा थर जाड तेवढा दाणा कणखर. दाताखाली 'कट्ट' आवाज झाला पाहिजे. मऊ लागला तर ओलावा जास्त आहे आणि पोत्यात तो टिकणार नाही.

बिघाड कशाने होतात तेही दाण्यावर वाचता येतं. दाणे भरताना ओल तुटली की खडखड्या हा बुरशीचा रोग येतो. खोड आतून पोकळ, काळं होतं, ताटं आडवी पडतात आणि अशा रानातला दाणा बारीक आणि निस्तेज असतो. मुरमाड रानात दाट पेरलं तर हे हमखास. 45 सेंटिमीटरच्या ओळी आणि हेक्टरी 10 किलो बियाणं हे माप उगीच दिलेलं नाही. मावा वाढून पानांवर चिकटा पडला की पानांचं अन्न बनवणं मंदावतं, कडबा काळपट होतो आणि दाणाही हलका राहतो. बियाण्याला किलोमागे 4 ग्रॅम गंधक चोळलं नाही तर काणी, म्हणजे दाण्याच्या जागी काळी भुकटी. मळणीत ती फुटली की चांगल्या दाण्यांवर करडा थर बसतो आणि धुतल्यावर पाणी काळं होतं. फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीत कणसं भिजली तर दाण्याची चकाकी जाते, काही दाण्यांच्या बुडाशी मोड फुटल्याची फट दिसते. त्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही, भाकरी थापताना काठ फुटतात आणि तव्यावर टाकताना मोडते.

खरिपातल्या संकरित ज्वारीची तक्रार पुष्कळदा वाणावर ढकलली जाते. खरं कारण पाऊस आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओल्या हवेत दाणा पिकतो, त्यावर बुरशी बसते, दाणा काळपट-गुलाबी होतो. त्या बुरशांपैकी काही विष तयार करतात. असा दाणा स्वस्त असला तरी खाण्यासाठी घेऊ नये. शाळू कोरड्या थंडीत पिकतो म्हणून या त्रासातून जवळजवळ सुटतो. कोरडेपणाचा खरा फायदा हा आहे, आणि तोच पाटीवर लिहिलेला नसतो.

वाणाबद्दल दोन ओळी. मालदांडीचं नाव मोठं, पण रानानुसार फुले अनुराधा हलक्या जमिनीला, फुले सुचित्रा मध्यमला, फुले वसुधा खोल जमिनीला आणि फुले रेवती खोल बागायतीला बसते. हलक्या रानातल्या मालदांडीपेक्षा त्याच रानातली अनुराधा जास्त भरलेली निघते. म्हणून 'मालदांडी आहे का' या प्रश्नाआधी 'रान कसलं' हा प्रश्न यायला हवा.

शेजारच्या पोत्यात बाजरी असते, आणि लोहासाठी घ्यायचं तर बाजरीच. वरच्याच तक्त्यात तिचं लोह 6.4 मिलिग्रॅम आहे. इथे मात्र रानापेक्षा वाण जास्त बोलतो. 'धनशक्ती' हा लोहासाठी मुद्दाम निवडलेला वाण आहे, त्याच्या किलोभर दाण्यात 71 मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं. अडचण अशी की बाजरीत परपरागीकरण होतं, म्हणजे दुसऱ्या ताटाचे पराग येऊन दाणा धरतो. शेजारी संकरित बाजरी असेल आणि शेतकरी घरचंच बियाणं पुन्हा पुन्हा पेरत असेल, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी 'धनशक्ती' नावालाच उरते. बियाणं यंदा नवं घेतलं होतं का, हे विचारल्याशिवाय त्या नावाचे पैसे देऊ नयेत. फुलोऱ्यात पाऊस सापडला असेल तर अर्गटचे काळसर, लांबट खडे दाण्यात येतात. ते विषारी असतात. दिसले तर ते पोतं सोडावं.

खपली या जुन्या गव्हाचं कौतुक सांगलीला नव्याने सांगायला नको. बेंदराची खीर तिच्याशिवाय होत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 2971 हा बुटका वाण आल्यापासून कृष्णाकाठी ती लोळायची कमी झाली. खपलीत प्रथिन तपासायला काटाही लागत नाही. सडलेले वीस-पंचवीस दाणे उजेडासमोर धरावेत. सगळा दाणा लालसर, काचेसारखा असेल तर नत्र पुरलंय. दाण्यावर खडूसारखे पांढरे-पिवळे ठिपके असतील तर नत्र कमी पडलं, प्रथिन कमी. पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापुढे गेली की फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दाणा शेकतो आणि बारीक होतो. अतिपांढरी, गुळगुळीत खपली घेऊ नये. ती कांडपात जास्त घासलेली असते आणि जस्त-लोहाचा थर कोंड्यातच गेलेला असतो. गव्हाच्या बाबतीत पुढची काळजीही आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड 550 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 550 भागांच्या) आसपास नेऊन उघड्या शेतात केलेल्या प्रयोगांत गव्हातलं जस्त सुमारे 9 टक्के, लोह 5 टक्के आणि प्रथिन 6 टक्के घटलं, हे 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्वारीत अशी घट फारशी दिसली नाही. जत-माणच्या शाळूसाठी हा कुठल्याही पाटीपेक्षा मोठा दाखला आहे.

घेतलेला माल घरी आणल्यावर दोन-तीन उन्हं द्यावीत, ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर आला की दाणा खळखळ वाजतो. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावा. गरम भरला तर झाकणाला आतून घाम येतो आणि सोंडे धरतात. पाला घालायचा तर कडुनिंबाचा, आणि तो सावलीत वाळवलेला. शाळूचं पीठ पंधरा दिवसांपुरतं दळावं, बाजरीचं आठवड्यापुरतंच, कारण बाजरीत 5 टक्क्यांच्या वर तेल असतं आणि ते लवकर कडवट होतं. फायटेट कमी करून जस्त-लोह अंगी लागायला हवं असेल तर भाकरीइतकीच आंबीलही करावी: पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबू द्यायचं आणि सकाळी शिजवायचं. जेवताना लिंबू पिळावं. जेवल्यावरचा चहा तासभर पुढे ढकलावा.